पिंपळीत थांबायचं ठरलं होतं

सायकलच्या शर्यतीत पहिलं यायला जेवढी अक्कल लागते, तिच्या दुप्पट अक्कल मागं राहायला लागते. पण हे पिंपळीत कुणाला पटलं नसतं, म्हणून सुमितनं गावात ते सांगायचा कधी प्रयत्नच केला नाही. सांगणार तरी काय? की मी पगार घेऊन हरतो? त्याच्या टीममध्ये सहा जण होते आणि त्यातले पाच जण एकट्या विजयसिंहसाठी राबत होते. वारं समोरून आलं की सुमितनं पुढं व्हायचं आणि विजयसिंहनं त्याच्या मागच्या चाकाला चिकटून आडोशानं यायचं. विजयसिंहला तहान लागली की सुमितनं मागं टीमच्या गाडीपर्यंत जायचं, पाण्याच्या बाटल्या जर्सीत पाठीमागं कोंबायच्या आणि धापा टाकत पुन्हा घोळका गाठायचा. शेवटच्या दोन किलोमीटरला सुमितच्या पायांत काही उरलेलं नसायचं आणि विजयसिंहचे पाय ताजे असायचे. मग विजयसिंह जिंकायचा आणि फोटोत सगळे हसायचे.

केसरबाईला, म्हणजे आईला, त्यानं एकदा फोनवर हे समजावून पाहिलं होतं. 

"म्हंजी तुजं काम पानक्याचं हाय व्हय?"

"तसंच म्हण."

"मग त्याला सायकल कशाला लागती?"

सुमितनं मग जेवलीस का ते विचारलं.

यंदाची शर्यत सहा दिवसांची, जिल्हाभर फिरणारी. रोज एक टप्पा, रोजच्या वेळेची बेरीज, आणि ज्याची बेरीज सगळ्यांत कमी त्याच्या अंगावर पिवळी जर्सी. ती जर्सी मल्हारकडं होती. विजयसिंह त्याच्या मागं दुसरा, अगदी थोडक्यात. मल्हार गेल्या वर्षापर्यंत ह्यांच्याच टीममध्ये होता. म्यानात दोन तलवारी मावल्या नाहीत, भांडण झालं, आणि मल्हार दुसऱ्या टीममध्ये गेला. तेव्हापासून विजयसिंह आणि तो एकमेकांशी बोलत नाहीत. सुमितनं मात्र दोघांनाही पाणी पाजलं होतं, त्यामुळं त्याला कुणाचाच नीट राग येत नसे. या धंद्यात हा अवगुणच म्हणायचा.

शेवटून दुसरा टप्पा बारामतीवरून इंदापूरला जाणार होता, आणि वाटेत पिंपळी लागत होती.

सायकलवाल्यांची एक जुनी रीत आहे, कुठल्या नियमात लिहिलेली नाही. शर्यत एखाद्या गड्याच्या गावातून जाणार असेल, तर त्यानं पिवळ्या जर्सीवाल्याकडं मुभा मागायची. त्यानं हो म्हटलं की घोळका वेग कमी करतो आणि तो गडी एकटा पुढं जातो. गावात थांबून आईबापाला भेटतो, आणि घोळका आला की गुपचूप शेपटाला लागतो. अट एकच. त्या सवलतीचा फायदा घेऊन पळायचं नाही. जो पळेल त्याच्याशी पुढं कुणी धड बोलत नाही.

"मुभा माग की," असं सकाळी नाष्ट्याला त्याला सांगितलं ते अविराज सरांनी. हे टीमचे मॅनेजर, पुण्याचे, गाडीत बसून रेडिओवरून सगळ्यांच्या कानात बोलणारे. "गाव येतंय तुझं. भेटून घे घरच्यांना." हे म्हणताना ते हसले होते. सुमितला ते हसणं मायेचं वाटलं. नंतर दिवसभर त्यानं ते हसणं उलटंसुलटं करून पाहिलं, पण त्याचा नक्की अर्थ त्याला लागला नाही.

सुमितनं मुभा मागितली तेव्हा मल्हारनं मात्र ते हसण्यावारी नेलं नाही. "जा. पण बाकीच्या टीमना मी जामीन राहतोय. थांबशील ना?"

"थांबणार. शब्द देतो."

मग त्यानं घरी फोन लावला. "आये, विहाराच्या कमानीपाशी उभी ऱ्हा. मी थांबतो." केसरबाई म्हणाली, "बरं." दिवाळीतही तो घरी गेला नव्हता. तिनं पुढं काही विचारलं नाही, आणि तिथंच सगळी माशी शिंकली.

बारामती मागं पडली तसा मल्हारनं हात वर केला. घोळका सैलावला. कुणी केळं सोललं, आणि लघुशंकेसाठी बरेच जण उसाच्या कडेला उतरले. सुमित एकटा पुढं निघाला. शर्यतीसाठी रस्ता बंद केल्यामुळं कारखान्याला निघालेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ऊस घेऊन कडेला खोळंबले होते. ऊस वाळतोय म्हणून ड्रायव्हर सकाळपासून शर्यतीच्या नावानं बोटं मोडत असणार. पण हा एकटा येताना दिसला आणि ते टपावर चढून शिट्ट्या मारायला लागले. सुमितच्या आयुष्यात त्याच्यापुढं कुणी नाही अशी ही पहिलीच वेळ होती. 

पिंपळीत लाऊडस्पीकर लागला होता. बुद्धविहारासमोरची पोरं आणि वेशीवरची पोरं एरवी एकमेकांना पाण्यात बघणारी, आज एकाच ट्रॉलीवर दाटीवाटीनं उभी होती. "आपल्या गावचा सुमित पहिला! एक नंबर!" माईकवाल्याला एवढं एकच समजलं होतं आणि तो ते पुन्हापुन्हा सांगत होता. कमानीपाशी कचरू, त्याचे वडील, दूध शीतकरण केंद्रातून निवृत्त झालेला शिस्तीचा माणूस, झेंडूचा हार दोन्ही हातांत आडवा धरून उभा होता. शेजारी केसरबाई. तिच्या एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. बाहेरगावाहून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा आणि पाणी ओवाळून टाकायचं, मगच त्याला घरात घ्यायचं. "आपल्यात आता हे बसत न्हाय," असं कचरू तिला वर्षानुवर्षं सांगत आला होता. ती "व्हय" म्हणायची आणि ओवाळायची.

सुमितनं पेडल मारणं सोडलं. सायकल मंदावली आणि गर्दीचा आवाजच बदलला.

"आरं, दम लागला का काय त्येला?"

आता इकडच्या माणसांची एक खोड सांगायला हवी. बैलगाड्यांच्या शर्यतीत, घाटात पुढं असलेली जोडी मध्येच कचरली, तर इथला माणूस बघत उभा राहत नाही. तो धावत जातो, ओरडतो, शेपटीला हात घालतो, पण पुढचा बैल थांबू देत नाही. थांबला तर तो सगळ्या गावाचा अपमान. सुमितनं एक पाय जमिनीला टेकवला आणि पिंपळीचं हेच रक्त उसळलं.

"आये," तो म्हणाला.

केसरबाईनं आधी मागं, बारामतीकडच्या रस्त्याकडं पाहिलं. रस्ता मोकळा. मग तिनं पोराकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा कडक झाला. "थांबतूस कशाला? मागनं येत्याल की ती."

"अगं, थांबायचंच—"

"पळ."

तांब्या खाली पडला. भाकरीचा तुकडा मुठीत तसाच धरून तिनं दोन्ही हातांनी त्याच्या पाठीत असा रेटा दिला, की जन्मभर उसाच्या मोळ्या उचललेले हात म्हणजे काय ते त्याला समजलं. कचरू घाईघाईत हार गळ्यात टाकायला गेला आणि तो अडकला हँडलला. मग ट्रॉलीवरची पोरं उतरली. दहा-वीस हात पाठीला, सीटला, जिथं मिळेल तिथं लागले. पाय पेडलवर घेतला नसता तर तो तोंडावर पडला असता. म्हणून घेतला. आणि गाव त्याला वेशीबाहेर ढकलत घेऊन गेलं.

झालं ते असं. यात सुमितचा दोष काय, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

कानातला रेडिओ खरखरला. "सुमित, थांबू नकोस." अविराज सर.

"सर, मी शब्द दिलाय."

"मागे निम्मे लोक अजून सायकलवर बसलेले नाहीत. चालू ठेव."

तो गोंधळला. आईही तेच म्हणाली आणि सरही तेच म्हणतायत. दोघांचं आजवर एका गोष्टीवर एकमत झालेलं नव्हतं. सणसर गावाशी थांबू असं त्यानं ठरवलं. पण सणसरला शाळेची पोरं रांगेनं उभी, हँडलवरचा हार बघून त्यांना वाटलं हा जिंकतच आलाय, त्यांनी जो गलका केला त्यात थांबणं म्हणजे भर लग्नात अक्षता टाकायच्या सोडून घरी निघून जाणं. भवानीनगरला थांबू म्हटलं, तिथं ट्रॅक्टरवाल्यांनी पुन्हा पाठीला हात लावले. जिथं माणूस तिथं धक्का. अख्ख्या तालुक्यात त्याला थांबायला जागा सापडेना.

आणि खोटं कशाला बोलायचं, त्याला बरंही वाटत होतं. पुढं कुणाची पाठ नव्हती. रस्ता नुसता त्याचा होता. इंदापूरला एकट्यानं पोचलो तर कसं दिसेल, हे त्यानं क्षणभर मनात पाहून घेतलं आणि त्याची त्यालाच शरम वाटली.

"झकास," सरांचा आवाज आला. "मल्हारला बाकीच्या टीम म्हणतायत, तू जामीन राहिलास, आता तूच पकड त्याला. त्याच्या टीममध्ये उरलेली तिन्ही पोरं पुढे येऊन ओढतायत. जळू दे त्यांना. विजयसिंह मागे आरामात बसलाय."

तेव्हा कुठं सुमितच्या डोक्यात उजेड पडला, आणि त्या उजेडात आणखीच दिसेनासं झालं. म्हणजे सकाळी सरांनी मुभा मागायला लावली ती यासाठीच? पण आई धक्का देईल हे सरांना कसं ठाऊक असणार? की त्यांना फक्त आपण मोहाला बळी पडू असं वाटलं होतं? आणि आपण पडलो की नाही पडलो?

त्यानं कानातला रेडिओ उपसून खिशात टाकला.

लासुर्ण्याच्या अलीकडं कालव्याचा एक पूल होता. दोन्ही बाजूंना ऊस, माणूस एकही नाही. फक्त एक म्हातारी शेळ्या चारत होती. सुमितनं ब्रेक दाबले, उतरला आणि कठड्याला टेकून उभा राहिला. मोटारसायकलवरचा पंच त्याच्याकडं बघून हातवारे करत राहिला, त्याला हे प्रकरण कुठल्या नियमात बसवावं ते कळेना.

"पंचर झाली का रं?" म्हातारीनं विचारलं.

"न्हाय, मावशे. मागच्यांची वाट बघतोय."

"बघ की," म्हातारी म्हणाली. सबंध दिवसात त्याला थांबू देणारी ती एकटीच.

घोळका आला. पुढं मल्हारची तिन्ही पोरं, तोंडं उघडी, गालांवर मिठाचे पट्टे. त्यांच्या मागं मल्हार. त्यानं कठड्याशी उभ्या सुमितकडं पाहिलं, हँडलवरचा हार पाहिला आणि मान फिरवली. जाताजाता कुणीतरी म्हणालं, "लाज वाटू दे." सुमित शेवटच्या माणसाच्या मागं लागला. त्याला वाटलं, थांबलो, शब्द पाळला, आता सुरळीत होईल.

सुरळीत कसलं. निमगाव केतकीच्या पुढं आडवं वारं सुटलं आणि विजयसिंह उसळून निघाला. मल्हारनं मागं पाहिलं. त्याच्या तिघांपैकी एकाच्याही पायात आता जीव नव्हता, सुमितच्या मागं लागून ते आधीच संपले होते. मल्हार एकटा वाऱ्याशी झुंजला आणि थोडक्यात कमी पडला. इंदापुरात पिवळी जर्सी विजयसिंहच्या अंगावर चढली.

सुमित शेवटच्या पाचपंचवीसांत पोचला, तर अविराज सरांनी त्याला मिठीच मारली. "काय डोकं चालवलंस! आधी त्यांना पळवलं आणि मग थांबण्याचं नाटक. कुणी बोट दाखवायला नको."

"नाटक नाही सर. मी खरंच थांबलो. सकाळी तुम्ही मुभा माग म्हणालात, ते यासाठी होतं का?"

"मी घरच्यांना भेट म्हणालो," सर म्हणाले आणि त्यांचा फोन वाजला. विजयसिंह पिवळ्या जर्सीत आला, त्यानं सुमितच्या खांद्यावर हात ठेवला आणि फोटोसाठी पुढं गेला. त्याला ही जर्सी नेमकी कशी मिळाली हे बहुधा त्यालाही नीट माहीत नसावं, आणि माहीत करून घ्यायचंही नसावं.

सुमित मल्हारच्या बसकडं गेला. मल्हार पायरीवर बसून बूट काढत होता.

"मल्हार, मी थांबणार होतो. मला गावानं थांबू दिलं नाही."

"गावानं," मल्हार म्हणाला. "चांगलं आहे. तुझी सायकल गाव चालवतं."

"मी पुलावर थांबलो की."

"थांबलास. माझी पोरं मेल्यावर." तो उठून आत गेला.

सुमित तिथंच उभा राहिला. आयुष्यात एकदा पुढं होता, तर चोर ठरला. थांबला, तर लबाड ठरला. त्याला जी शाबासकी मिळाली ती नको त्या गोष्टीची होती, आणि जी गोष्ट त्यानं खरी केली तिच्यावर कुणाचा विश्वास नव्हता. त्याला रडू यायला लागलं आणि भर मैदानात रडावं की नाही हेही समजेना.

तेवढ्यात पिंपळीचा टेम्पो आला. गुलाल, शिट्ट्या, "एक नंबर!" त्यातून केसरबाई उतरली आणि पोराचं तोंड बघून तिनं सगळ्यांना मागं सारलं.

"काय झालं? पयला न्हाय आलास?"

"आये, मी फोनवर काय सांगितलं व्हतं? थांबतो म्हणलो व्हतो न्हवं?"

"म्हनला व्हतास. मला वाटलं रोजच्यागत मागं आसशील. मागच्याला थांबाया काय लागतंय? पर तू तर म्होरं आलास. म्होरचा थांबतो व्हय कुटं?"

सुमितनं डोक्याला हात लावला. मग त्यानं तिला सगळं सांगितलं. मुभा, जामीन, शब्द, मल्हार. ती ऐकत गेली तसा तिचा चेहरा उतरत गेला. शर्यतीतलं तिला अजूनही ओ की ठो कळत नव्हतं. पण शब्द देणं म्हणजे काय आणि जामीन राहणं म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"कुटं हाय त्यो?"

"कोण?"

"जामीन ऱ्हायला त्यो."

सुमित नको नको म्हणत असताना ती चालू लागली. मागं कचरू, हातात पाण्याची बाटली. तिनं बसच्या दारावर थाप मारली. मल्हार बाहेर आला. समोर नऊवारीतली बाई बघून त्याच्या कपाळावरची आठी अर्धवटच राहिली.

"म्या ह्याची आय," केसरबाई म्हणाली. "त्यो थांबला व्हता. पाय टेकला व्हता त्यानं. म्या ढकलला. शबूद त्यानं न्हाय मोडला, म्या मोडला. काय बोलायचं त्ये मला बोल."

मल्हारनं सुमितकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. दिवसभरात एवढी नाटकं झाल्यावर हेही त्यातलंच असावं असं त्याला वाटलं असेल तर नवल नाही. "मावशी," तो थकलेल्या आवाजात म्हणाला, "रोज दीड-दीडशे किलोमीटर मारणारा गडी आहे हा. तुमच्या ढकलण्यानं जाईल?"

"फिर," केसरबाई म्हणाली.

"अं?"

"पाठ कर."

तिच्या आवाजात असं काही होतं, की शर्यतीचा इतक्या दिवसांचा राजा मुकाट वळला. तिनं पदर खोचला आणि दोन्ही हातांनी त्याच्या पाठीत सकाळचाच रेटा दिला. मल्हार बसपासून थेट टीमच्या गाडीपर्यंत धडपडत गेला, बॉनेटवर दोन्ही हात टेकले तेव्हा कुठं थांबला. त्याची तिन्ही दमलेली पोरं खिडकीतून बघत होती. त्यांच्यातला एक फिसकन हसला.

मल्हार वळला. पाठ चोळत त्यानं केसरबाईच्या हातांकडं पाहिलं. मग सुमितकडं.

"किती जण होते असे?" त्यानं विचारलं.

"अख्खं गाव," सुमित म्हणाला.

मल्हारनं मान हलवली. तो पुढं आला आणि त्यानं सुमितच्या दंडाला धरलं, पूर्वी एका टीममध्ये असताना धरायचा तसं. जर्सी गेली ती गेलीच होती, ती काही ह्यानं परत येणार नव्हती. "थांबणं अवघडच होतं," तो म्हणाला.

एवढं ऐकलं आणि सुमितनं मघापासून आवरलेलं रडू त्याला आवरेना.

"हितं हुबा ऱ्हा," केसरबाई त्याला म्हणाली. तिनं कनवटीची गाठ सोडली. सकाळचा भाकरीचा तुकडा आता वाळून कडक झाला होता. तो तिनं त्याच्यावरून ओवाळला, मग काय वाटलं कोण जाणे, मल्हारलाही शेजारी ओढून त्याच्यावरूनही ओवाळला. पाणी हवं म्हणून तिनं मागं न बघता हात केला. आपल्यात हे बसत नाही, असं कचरू आज म्हणाला नाही. त्यानं बाटलीचं झाकण उघडून ती तिच्या हातात दिली.